वडील मंडळी व लस : नामानाच्या गोष्टीवरून एक आरोग्यपाठ

(सायखेडा, ता. निफाड, जि. नाशिक)

पाठाचा शास्त्रभाग : २ राजे ५:१–१४. जोडीस वाचावें : २ राजे २०:१–७, मत्तय ४:५–७, लूक १०:२५–३७.



नामानाची गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. तो अरामाच्या राजाचा सेनापति, मोठा शूर व मोठा मानी. परंतु अंगीं कुष्ठ. अलीशा संदेष्ट्यानें त्यास कांहीं अवघड व्रत सांगितलें नाहीं. यार्देन नदींत सात वेळां स्नान करावें, एवढाच निरोप पाठविला. तेव्हां नामान रागावला. उपाय इतका साधा असावा, नदी परक्या देशाची असावी, आणि तो सांगावयास संदेष्ट्यानें स्वतः बाहेरही येऊं नये, हें त्यास सहन झालें नाहीं. तो तोंड फिरवून परत निघाला. तसाच गेला असता तर कुष्ठ अंगावर घेऊनच मेला असता. त्यास परत कोणीं वळविलें? त्याच्या चाकरांनीं. ते जवळ गेले आणि समजुतीच्या चार गोष्टी बोलले. त्यांच्याही आधीं, पकडून आणलेल्या एका लहान मुलीनें आपल्या मालकिणीपाशीं तोंड उघडलें होतें. बरें करणें हें देवाचें काम झालें. परंतु बोलण्याचें काम त्या मुलीनें व त्या चाकरांनीं केलें.

हा पाठ लिहिण्याचें कारण सांगितल्यावांचून पुढें जाणें मला योग्य वाटत नाहीं. इ. स. २०२१ च्या मार्च महिन्यांत, साठी ओलांडलेल्या सर्वांस कोरोनाची लस सरकारी केंद्रांत मोफत मिळूं लागली. त्याच महिन्यांत मी एका वृद्ध बंधूच्या घरीं प्रार्थनेस गेलों होतों. प्रार्थना झाल्यावर त्यांनीं विचारलें, “मास्तर, ती सुई घ्यावी कीं नको? भाच्याच्या फोनवर आलें आहे कीं, ती घेतल्यानें माणूस मरतो.” मला उत्तर ठाऊक होतें. परंतु वाद नको, भाच्याचें मन दुखवावयास नको, अशा विचारानें मीं म्हटलें, “तुमच्या मनास येईल तसें करा”. आणि चहा घेऊन उठलों. एप्रिलांत सांथ पुन्हां उसळली, आणि महिना संपण्याच्या आंत आम्हीं चार माणसांनीं त्यांस मातीआड केलें. घरच्यांस त्यांचें मुख पाहतां आलें नाहीं. लस घेतली असती तर ते खात्रीनें वांचले असते असें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर ठाऊक असतां मीं तें दिलें नाहीं, इतकें मात्र खरें. नामानाच्या चाकरांइतकेंही धैर्य मजपाशीं नव्हतें. म्हणून हा पाठ मुख्यतः आपल्या उपदेशकांसाठीं व बायबल-स्त्रियांसाठीं आहे, कीं त्यांजवर तशी वेळ येऊं नये.

दंडावरील जुनी खूण

ज्यांनीं साठी ओलांडली आहे त्यांनीं आपल्या दंडावर हात फिरवून पाहावा. बहुतेकांस तेथें एक वाटोळा, खोलगट वण सांपडेल. ती देवी काढल्याची खूण. ज्या रोगानें घरेंच्या घरें ओस पाडलीं आणि वांचलेल्यांपैकीं कित्येकांस आंधळें करून सोडलें, ज्यापुढें माणसाचें कांहीं एक चालत नसे, त्या रोगास आपल्या पूर्वजांनीं भयानें देवीच म्हटलें.

इंग्लंडांत एडवर्ड जेन्नर नांवाच्या वैद्याच्या ध्यानीं आलें कीं, गाईंची धार काढणाऱ्या स्त्रियांस गाईच्या आंचळांवरील फोडांचा सौम्य संसर्ग होतो, आणि पुढें त्यांस देवीचा रोग सहसा होत नाहीं. १७९६ सालीं त्यानें अशा फोडांतील लस एका आठ वर्षांच्या मुलाच्या दंडांत घातली. पुढें खऱ्या देवींनीं त्या मुलास कांहीं अपाय केला नाहीं. हीच लस बगदाद व बसरा या मार्गें मुंबईस पोंचली. १४ जून १८०२ रोजीं तेथें ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यांत आली. हिंदुस्थानांतील हें पहिलें लसीकरण होय. तेव्हांही लोकांनीं मुलें लपविलीं व दारें लावून घेतलीं. तरी काम थांबलें नाहीं. भारतांत देवीचा शेवटचा रोगी मे १९७५ मध्यें आढळला, आणि १९८० सालीं हा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें. आज आपल्या नातवंडांच्या दंडावर ती खूण नाहीं. कारण तिची आतां गरजच उरली नाहीं. तेव्हां, “आमच्या घराण्यांत लस कोणीं घेतली नाहीं,” असें म्हणणाऱ्या आजोबांस उपदेशकानें हंसून एवढेंच म्हणावें कीं, “बाबा, बाही जरा वर करा पाहूं.”

लस काय करिते?

सायखेड्याच्या व पलीकडील चांदोरीच्या लोकांस हें समजावून सांगणें सोपें आहे. पावसाळ्यांत वर गंगापूर धरणांतून पाणी सोडलें कीं आपल्याकडे आधीं सूचना येते. सूचना आली म्हणून गोदावरीचा पूर थांबत नाहीं. २०१६ व २०१९ सालीं ऑगस्ट महिन्यांत पाणी गांवांत शिरलेंच. परंतु सूचना मिळालेलें घर धान्याचीं पोतीं वर चढवितें, गुरें उंचावर नेतें, म्हाताऱ्यांस व लेंकरांस पाहुण्यांच्या घरीं पोंचवितें. पाणी येतें, भिंतींस ओल येते. पण माणसें वांचतात. सूचना न मिळालेल्या घराची गोष्ट निराळी.

लस ही शरीरास आधीं पाठविलेली अशीच सूचना आहे. देवानें आपल्या रक्तांत रोगाशीं झुंजणारे शिपाई ठेवले आहेत. परंतु अनोळखी शत्रु आला तर त्यास ओळखून हत्यार तयार करण्यास त्यांस कित्येक दिवस लागतात. तरुणाचें शरीर तेवढी धांवपळ बहुधा सोसतें. वृद्धाचे शिपाईही वृद्ध झालेले असतात. शिवाय मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयाचा विकार यांपैकीं एखादें ओझें अंगावर असतें. म्हणून तयारी होण्याच्या आंतच शत्रु घरांत शिरतो. मेलेला किंवा दुबळा केलेला जंतु, अथवा त्याचा केवळ एखादा अंश, आधींच दाखविला म्हणजे शिपाई त्याची ओळख धरून ठेवितात. हेंच लसीचें सारें रहस्य.

कोरोनाच्या लशीविषयीं विचारले जाणारे प्रश्न

कोरोनाची सांथ आपल्यास परकी नव्हती. मार्च २०२० च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यांतील पहिला रुग्ण आपल्याच निफाड तालुक्यांत, लासलगांवाजवळ, आढळला. १६ जानेवारी २०२१ रोजीं देशांत लसीकरणास आरंभ झाला. प्रथम आरोग्यसेवकांस, १ मार्चपासून साठीच्या पुढील सर्वांस, व पुढें क्रमानें इतरांस लस मिळाली. १७ जुलै २०२२ पर्यंत देशांत दोनशें कोटि डोस टोचून झाले होते. ५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें जागतिक आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. आणीबाणी संपली, विषाणु मात्र संपला नाहीं, आणि लोकांच्या मनांतील प्रश्नही संपले नाहींत. ते एकेक घेऊं.

प्रश्न १. त्या लशींत होतें तरी काय? – आपल्याकडे बहुतेकांनीं कोविशील्ड किंवा कोवॅक्सिन घेतली. कोवॅक्सिन ही हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीनें, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व पुण्याची राष्ट्रीय विषाणु संस्था यांच्या साह्यानें तयार केली. तिच्यांत मारलेला कोरोना विषाणु आहे. कोविशील्डची मूळ रचना इंग्लंडांतील ऑक्सफर्ड विद्यापीठाची; आपल्या देशांत ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें बनविली. चिंपांझी वानरांस सर्दी करणारा एक विषाणु, माणसांत वाढूंच शकणार नाहीं असा करून, त्याच्याबरोबर कोरोनाच्या अंगावरील कांट्याची तेवढी ओळख पाठविलेली असते. मेलेला साप दावणारा नाहीं. तसा ह्या दोन्हींपैकीं एकीनेंही कोरोना होऊं शकत नाहीं.

प्रश्न २. लस घेऊनही पुष्कळांस कोरोना झाला. मग उपयोग काय? – पुराचा दाखला आठवावा. कोवॅक्सिनची परीक्षा पंचवीस हजारांहून अधिक लोकांवर घेण्यांत आली. तींत लक्षणें दिसणाऱ्या आजारापासून सुमारें ७८ टक्के, आणि गंभीर आजारापासून सुमारें ९३ टक्के संरक्षण दिसलें. पुढें विषाणूनें रूप पालटलें व संसर्ग टाळण्याची लशीची शक्ति कमी झाली. परंतु रुग्णालयांत जाण्यापासून व मृत्यूपासून वांचविण्याचें तिचें काम त्या मानानें अधिक टिकून राहिलें. घरांत ओल येणें आणि घर वाहून जाणें ह्यांत जो फरक, तोच हा.

प्रश्न ३. लशीनें अपाय होतो कीं नाहीं? – येथें उपदेशकानें सत्यच बोलावें. झांकून ठेवूं नये. हात दुखणें, ताप, अंगदुखी, थकवा हे त्रास पुष्कळांस होतात व एक-दोन दिवसांत जातात. क्वचित् कोणास टोचल्याबरोबर मोठी ॲलर्जी होते. म्हणूनच केंद्रांत अर्धा तास बसवून ठेवीत असत. कोविशील्डनंतर फारच थोड्यांस, लाखांत एखाददुसऱ्यास किंवा त्याहूनही कमी, रक्तांत गुठळ्या होण्याचा गंभीर विकार झाला. तोही बहुधा तरुण वयांत, आणि डोस घेतल्यानंतरच्या पहिल्या कांहीं आठवड्यांतच. ज्यांनीं ती लस वर्षांमागें घेतली त्यांस आज त्या विकाराचें भय बाळगण्याचें कारण नाहीं.

लशींच्या इतिहासांत चुकाही झाल्या आहेत. मुंबईंत प्लेग आला असतां वाल्डेमार हाफकिन ह्या शास्त्रज्ञानें प्लेगाची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. त्यांचेंच नांव आज परळच्या हाफकिन संस्थेस आहे. १९०२ सालीं पंजाबांतील मलकोवाल गांवीं त्या लशीची एक बाटली दूषित झाली, आणि तींतून टोचलेलीं एकोणीस माणसें धनुर्वातानें दगावलीं. हाफकिन यांजवर ठपका आला; १९०७ सालीं ते निर्दोष ठरले. अशा दुःखद प्रसंगांतूनच बाटलीची, सुईची व प्रत्येक खेपेच्या लशीची कडक तपासणी करण्याची रीत पडत गेली. भिऊन लस टाकून दिली नाहीं. चूक शोधून ती सुधारली.

प्रश्न ४. हल्लीं तरुण माणसें चालतां-बोलतां मरतात, तें लशीमुळेंच ना? – ज्या घरचा मुलगा गेला त्या घरीं हा प्रश्न विचारला गेला तर प्रथम त्यांच्याबरोबर रडावें. वाद घालूं नये. परंतु योग्य वेळीं हें सांगावें कीं, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें अठरा ते पंचेचाळीस वयाच्या लोकांतील अचानक मृत्यूंचा देशांतील अनेक रुग्णालयांच्या साह्यानें शोध केला व २०२३ सालीं तो प्रसिद्ध केला. लशीमुळें अशा मृत्यूंचा धोका वाढल्याचें तींत आढळलें नाहीं. पूर्वीं कोरोनामुळें रुग्णालयांत राहावें लागणें, घराण्यांत अचानक मृत्यु झालेले असणें, आणि अति मद्यपान व अति कष्टाचा व्यायाम, ह्यांशीं मात्र त्यांचा संबंध दिसला.

प्रश्न ५. मला मधुमेह व रक्तदाब आहे. मला लस चालेल का? – चालेल, इतकेंच नव्हे, तर तुम्हांसच तिची अधिक गरज आहे. औषधें बंद करूं नयेत. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, पूर्वीं एखाद्या इंजेक्शनानें मोठी ॲलर्जी झाली असेल, किंवा त्या दिवशीं जोराचा ताप असेल, तर टोचणाऱ्यास आधीं सांगावें.

प्रश्न ६. ती लस आतां पुन्हां घ्यावी काय? – ती मोठी मोफत मोहीम आतां संपली आहे, आणि सर्वांनीं पुन्हां घ्यावी असा सरसकट नियम आपल्या देशांत नाहीं. अतिवृद्ध लोक, आणि वृद्ध असून इतर मोठे विकार असलेले लोक, यांस ठराविक काळानें आणखी एक डोस द्यावा, असें जागतिक आरोग्य संघटनेचें मत आहे. म्हणून अशांनीं आपल्या डॉक्टरांस विचारावें. स्वतःच ठरवूं नये, व घाबरूनही जाऊं नये.

प्रश्न ७. लस ही प्रकटीकरणांतील श्वापदाची खूण आहे, असें एका प्रवचनांत ऐकलें. – हा प्रश्न आपल्याच मंडळ्यांत उठला, म्हणून त्याचें उत्तर आपणच दिलें पाहिजे. प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय सबंध वाचा. तेथील खूण उपासनेविषयीं आहे. देवास सोडून दुसऱ्यास भजणाऱ्यांची ती खूण आहे. लस टोचणाऱ्या परिचारिकेनें कोणास प्रभूचा नकार करावयास सांगितलें? आणि दंडावरील खुणेचेंच भय असेल, तर आपल्या आईबापांच्या दंडावरील देवीची खूण पाहावी. ती अंगावर घेऊनच ते बाप्तिस्मा पावले, ती अंगावर असतांनाच त्यांनीं प्रभुभोजन घेतलें. शास्त्राच्या नांवानें भीति पसरविणें हें शास्त्राचें शिक्षण नव्हे.

प्रश्न ८. लस घेणें म्हणजे विश्वासांत उणेपणा नव्हे काय? – हिज्कीया राजा मरणाच्या दारीं होता. त्यानें रडून प्रार्थना केली, देवानें ती ऐकली व आयुष्य वाढवून देण्याचें वचन दिलें. वचन मिळाल्यावरही यशयानें अंजिरांची चांदकी आणवून गळवावर बांधविली. प्रार्थना आणि औषध एकाच खाटेपाशीं होतीं. उलट, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देव तुला झेलील, असें सुचविणारा कोण होता, आणि आपल्या प्रभूनें त्यास कसें परत पाठविलें, हें मत्तयाच्या शुभवर्तमानांत पाहावें. जो उपाय देवानें हातीं दिला तो टाकून त्याच्या रक्षणाची वाट पाहणें, हा विश्वास नव्हे. ती परीक्षा पाहणें आहे.

वृद्धांसाठीं इतर लशी

लस म्हणजे लहान मुलांची गोष्ट, असा आपल्याकडे समज आहे. तो बरोबर नाहीं. पुढील चार लशींविषयीं वडील मंडळीनें डॉक्टरांस अवश्य विचारावें.

पहिली फ्लूची. १९१८ सालीं ह्याच रोगाची मोठी सांथ आली. कित्येक गांवीं जुनीं माणसें तिला मानमोडी म्हणत. तींत एकट्या हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक लोक मेले. आतांचा फ्लू तितका भयंकर नाहीं. परंतु वृद्धांस तो न्युमोनियापर्यंत नेतो. हा विषाणु दरवर्षीं रूप पालटतो, म्हणून लसही दरवर्षीं घ्यावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यांत व पुन्हां थंडींत फ्लू वाढतो. यास्तव पावसाळ्यापूर्वीं घेतलेली बरी. तिचा गुण येण्यास सुमारें दोन आठवडे लागतात.

दुसरी न्युमोनियाची. फुफ्फुसांचा दाह करणारे जंतु अनेक आहेत. त्यांतील न्युमोकोकस नांवाच्या प्रमुख जंतूवर ही लस आहे. तिचे प्रकार निराळे असल्यामुळें एक डोस पुरे कीं कांहीं काळानें दुसरा घ्यावा, हें डॉक्टर सांगतील. दमा, जुना खोकला, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं, आणि विडी-तंबाखू ओढणाऱ्यांनीं, तिची चौकशी विशेष करावी.

तिसरी नागिणीची. नागिणीचें तोंड व शेपूट मिळालें म्हणजे माणूस मरतो, ही समजूत खेड्यापाड्यांत घट्ट आहे. तीस आधार नाहीं. लहानपणीं कांजिण्या आलेल्या माणसाच्या मज्जातंतूंत तो विषाणु निजून राहतो, आणि म्हातारपणीं अंगांतील शक्ति घटली कीं जागा होतो. तो एका मज्जातंतूच्या वाटेनें उमटतो, म्हणून फोडांचा पट्टा बहुधा शरीराच्या एकाच बाजूस असतो. मंत्र उतरविण्यांत व लेप लावण्यांत दिवस घालवूं नयेत. पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरांकडे गेल्यास औषधाचा गुण अधिक येतो. फोड गेल्यावरही आग व कळा कित्येक महिने राहतात. वृद्धांस खरें दुःख तेंच. पन्नाशीनंतर घ्यावयाच्या ह्या लशीचे दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानें, असतात. ती फार महाग आहे, एका डोसास हजारों रुपये पडतात, हेंही सांगून ठेवितों. म्हणजे कोणास दवाखान्यांत जाऊन संकोच होणार नाहीं.

चौथी धनुर्वात व घटसर्प यांची. धनुर्वाताचा जंतु मातींत व शेणखतांत वर्षानुवर्षें राहतो. द्राक्षबागेंतील तारेचा ओरखडा, ऊस तोडतांना लागलेला कोयता, कांद्याच्या वाफ्यांत पायांत मोडलेला कांटा, एवढें निमित्त त्यास पुरतें. घटसर्पाची भर घातलेली ही लस दर दहा वर्षांनीं घ्यावी. मातीनें मळलेली जखम झाली तर त्याच दिवशीं आरोग्य केंद्रांत दाखवावी. लहानपणीं ज्यांस हीं इंजेक्शनें कधींच मिळालीं नाहींत, अशा वृद्ध स्त्रीपुरुषांस एकाऐवजीं क्रमानें तीन डोस घ्यावे लागतात.

ह्यांपैकीं फ्लू, न्युमोनिया व नागीण यांच्या लशी सर्व वृद्धांस सरसकट मोफत मिळत नाहींत. म्हणून प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रांत चौकशी करावी, आणि पैसे थोडे असतील तर कोणती आधीं घ्यावी हें तेथील डॉक्टरांस विचारावें. ज्या मुलांनीं नव्या मोटारसायकलीसाठीं पैसे सांठविले आहेत, त्यांनीं आईच्या एका लशीपुरते त्यांतून काढले तर पांचवी आज्ञा पाळली जाईल.

उपदेशकानें काय करावें?

पहिलें, आपल्या मंडळींतील साठीपुढील सर्वांचीं नांवें एका वहींत लिहावीं; पुढें वय, आजार, आणि कोणती लस केव्हां घेतली हें मांडावें. लशीचा कागद शास्त्राच्या पुस्तकांत ठेवावयास सांगावें. तो हरवणार नाहीं. दुसरें, गांवच्या आशा कार्यकर्तीशीं व परिचारिकेशीं ओळख ठेवावी, आणि प्रश्न अडला तर आपल्या पदरचें उत्तर न देतां त्यांस विचारावें. तिसरें, फोनवर आलेला भीतीचा निरोप पुढें पाठवूं नये. खोटी साक्ष देऊं नये ही आज्ञा फोनासही लागू आहे. चौथें, नुसतें “जा” म्हणूं नये, बरोबर जावें. शोमरोनी माणसानें जखमी वाटसरूस दवाखान्याचा पत्ता सांगितला नाहीं. त्यास आपल्या जनावरावर बसविलें, उतारशाळेंत नेलें आणि खर्चाचे पैसे दिले. ज्या विधवा आजीस बस चढतां येत नाहीं तिच्या बरोबर कोणी तरुण जाईल, तर तीच त्या दिवसाची त्याची उपासना होईल.

आणि शेवटीं, कोणी ऐकलें नाहीं तर रागावूं नये. नामानही पहिल्यानें रागावूनच निघाला होता. त्याच्या चाकरांनीं त्यास मूर्ख म्हटलें नाहीं. प्रेमानें व मानानें बोलले. आपणही एकदां सांगावें, पुन्हां सांगावें, आणि निर्णय त्यांचा त्यांस करूं द्यावा. परंतु “तुमच्या मनास येईल तसें करा” एवढेंच बोलून चहा पिऊन उठूं नये.

पाठासाठीं प्रश्न

१. नामानास साधा उपाय नकोसा कां वाटला? आपल्या मंडळींत तसें कधीं घडतें काय?
२. बंदिवान मुलगी व चाकर हीं लहान माणसें. त्यांच्या बोलण्यानें काय घडलें?
३. हिज्कीयाच्या गोष्टींत प्रार्थना व औषध यांचा संबंध कसा आहे?
४. लस घेऊनही आजार होतो, ह्याचें उत्तर गोदावरीच्या पुराच्या दाखल्यानें समजावून सांगा.
५. आपल्या शेजारीं साठीपुढील कोण कोण आहेत? ह्या आठवड्यांत त्यांपैकीं कोणाकडे जाल?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आमच्या घरांतील पिकले केस हा तुझा आशीर्वाद आहे. आमच्या वडील मंडळीस जप. वैद्यांस ज्ञान दे, परिचारिकांस कोमल हात दे, आणि आम्हांस सत्य प्रेमानें बोलण्याचें धैर्य दे. ज्यांस आम्हीं सांगावयाचें होतें व सांगितलें नाहीं, त्यांविषयीं आम्हांस क्षमा कर. आणि जे अजून आमच्यामध्यें आहेत त्यांच्या दारीं आम्हांस उद्यांच पाठीव. प्रभु येशूच्या नांवानें मागतों. आमेन.